निरोपाचं वाक्य

माझे वडील गेल्या वर्षापासून बंद प्रणालीत आहेत, त्यामुळे त्यांच्याशी काही बोलायचं असेल तर वाक्य आधी ती प्रणाली चालवणाऱ्या कंपनीकडून मंजूर करून घ्यावं लागतं. मंजुरी नसलेलं वाक्य त्यांच्या कानापर्यंत जातं आणि तिथून परत येतं. त्यांना त्याचा काही त्रास होत नाही. त्रास होतो तो बोलणाऱ्याला.

बंद व्हायचं बाबांनी स्वतःच ठरवलं. रोज कुणीतरी फोन करून वीज तोडायची धमकी द्यायचं, कुणी बक्षीस लागल्याचं सांगायचं, आणि बाबांना निम्मं खरं वाटून जायचं. त्यात शेजारच्या नेमूकाकांचं उदाहरण डोळ्यांसमोर होतं. नेमगोंडा पाटील, म्हणजे आमचे नेमूकाका, खुल्या प्रणालीत आहेत. त्यांना कुणीही काहीही सांगावं, ते आत जातं आणि आतच राहतं. एका सकाळी त्यांनी काकूंना फाटकात अडवून भाडेकरार दाखवायला सांगितलं. आदल्या दिवशी रस्त्यावरून जाणारा कुणीतरी त्यांना सांगून गेला होता की ही बाई तुमची भाडेकरू आहे.

काका शुद्धीवर असले की मला बोलावून घेतात. "हेरंब, माझ्यात कुणी काय घालून ठेवलंय, मला काय कळतंय? तू तेवढं बघ की जरा."

मी बघतो, पण उपयोग होत नाही. एकाच्या वाक्यावर दुसऱ्याने वाक्य रचलेलं असतं, त्यावर तिसऱ्याने. भाडेकरू काढायला गेलो तर सोबत काकूच निघून जाण्याची भीती. तेव्हा काकू आता भाडेकरू म्हणूनच राहतात.

मी मूळचा सॉफ्टवेअरवाला. माणसं प्रणालीत जायला लागल्यावर वाक्यं लिहायला लागलो, कारण काम तेच आहे. सांगलीत दोन्ही प्रकारची माणसं असल्यामुळे प्रत्येक वाक्य दोनदा लिहावं लागतं. 'जेवायला चला' एवढं साधं वाक्य, पण खुल्या माणसासाठी लिहिताना आधी त्याच्यात काय काय भरलंय ते शोधावं लागतं, आणि बंद माणसासाठी लिहिताना कंपनीची नियमावली उघडावी लागते. माझं सगळ्यात चाललेलं वाक्य होतं 'गोळी घेतलीत का?' घराघरांत लोक ते वापरायचे. कंपनीला ते इतकं आवडलं की तिने ते स्वतःचं म्हणून सगळ्या बंद माणसांत आधीच घालून ठेवलं आणि माझं 'नक्कल' म्हणून काढून टाकलं. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

पण खरा जाच कमिशनचा. कंपनी दहा शब्दांमागे तीन शब्द ठेवून घेते. अपूर्णांक आला तर पुढचा पूर्ण आकडा धरते, आणि शब्द वाक्याच्या शेवटाकडून कापते. हा नियम जिथे झाला तिथल्या भाषेत वाक्याच्या शेवटी फारसं काही नसावं. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं, आणि 'नाही' तर त्याच्याही मागे.

हे मला ठाऊक नव्हतं तेव्हाची गोष्ट. आई दोन दिवस खोकत होती म्हणून बाबा काळजीत होते. मी वाक्य मंजूर करून आणलं: 'आई आजारी नाही.' तीन शब्दांमागे एक शब्द कंपनीचा. बाबांना पोचलं, 'आई आजारी.' आई तेव्हा कणीक मळत होती. बाबांनी तिला हाताला धरून उठवलं, पिठाच्या हातांनीच पलंगावर निजवलं आणि कपाळावर ओली पट्टी ठेवून दिवसभर शेजारी बसून राहिले. आपण ठणठणीत आहोत हे आईला सांगता येईना, कारण ती नोंदणीकृत विकासक, म्हणजे वर्गणी भरून कंपनीकडे वाक्यं पाठवणारी, नाही. बेचाळीस वर्षं फुकट बोलले, आता नवऱ्याशी बोलायला वर्गणी भरू का, असं ती म्हणाली होती, आणि तिने बोलणंच सोडून दिलं. ती वेळेवर ताट वाढते. ताटाला मंजुरी लागत नाही.

त्या दिवसापासून मी वाक्यांना शेपूट लावायला शिकलो. शेपटीला लावायच्या शब्दांची मराठीत ददात नाही. 'बाबा, येतो बरं का' लिहायचं, कंपनी 'बरं का' कापून घेते, बाबांना 'बाबा, येतो' नीट पोचतं. कंपनीकडे एव्हाना 'बरं का'चे डोंगर साठले असतील. त्यांचं ती काय करते, कोण जाणे.

शेपूट लावलेली 'येतो' आणि 'आलो' ही दोन वाक्यं मला रोज लागायची. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सगळी नोकरी स्टँडवरच्या खिडकीत, माइकसमोर गेली. घोषणा झाली नाही म्हणजे गाडी आली नाही, मग ती समोर धूर सोडत उभी का असेना, ही त्यांची शिस्त. बंद प्रणालीत गेल्यावर ही शिस्त पक्की झाली. मी समोर उभा राहिलो तरी 'आलो' हे वाक्य आत गेल्याशिवाय त्यांच्या लेखी मी आलेला नसायचो. निघतानाही तेच. एकदा घाईत 'येतो' न म्हणता गेलो, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाबा माझ्या रिकाम्या खुर्चीशी मिरज फाट्यावरच्या वाहतुकीबद्दल बोलत होते. आईने त्या खुर्चीपुढे दोनदा चहा ठेवला.

मागच्या महिन्यात कंपनीने जाहीर केलं की जुन्या मॉडेलचा आधार, म्हणजे सपोर्ट, बंद होणार. बाबा जुन्या मॉडेलमध्ये येतात. ठरलेल्या तारखेनंतर त्यांच्यात नवीन वाक्य जाणार नाही आणि आधी मंजूर झालेलीही सगळी रद्द होतील. तब्येतीला काही होणार नाही, बोलतील, जेवतील, फिरतील, असं कळवलं होतं. प्रत्येक नोंदणीकृत विकासकाला निरोपाचं एक वाक्य पाठवायची सवलत होती.

काय पाठवायचं याचा मला विचार करावा लागला नाही. आमच्या घरात घराबाहेर पडताना 'जातो' म्हणत नाहीत. लहानपणी मी एकदा शाळेला निघताना 'जातो' म्हणालो, तर बाबांनी मला उंबऱ्यावरून परत बोलावलं, पाटावर बसवलं, पाणी प्यायला लावलं आणि नव्याने निघायला लावलं. मी लिहिलं, 'बाबा, येतो बरं का.'

वाक्य नामंजूर झालं.

कंपनीचं तपासणी कार्यालय गणपती पेठेत एका साडीच्या दुकानावर आहे. तिथल्या बेनाडीकर मॅडमनी मला बसायला खुर्ची दिली. वाक्य दिशाभूल करणारं आहे, असं त्यांनी शांतपणे समजावलं. आधार बंद झाल्यावर त्यांच्या लेखी तुम्ही येऊ शकणार नाही, तेव्हा 'येतो' हे असत्य ठरतं.

"पण येतो म्हणजे निघतो," मी म्हणालो. "तुम्ही घरून निघताना काय म्हणता?"

"येते म्हणते," मॅडम म्हणाल्या. "पण मी संध्याकाळी खरंच जाते ना, सर."

'जातो' असं लिहिलंत तर इथल्या इथे मंजूर करते, त्याला पूर्वीचे दाखले आहेत, असंही त्या म्हणाल्या. मला राग आला. वडिलांना आयुष्यातलं शेवटचं वाक्य म्हणून 'जातो' ऐकवायचं, ही काय माणसं आहेत, असं वाटलं. मी तसं बोललोही. त्यांनी ते ऐकून घेतलं.

नेमूकाकांच्या मते हे सगळं नसतं झेंगट होतं. "मिरजेत एकजण कुलूप तोडून देतोय बघ. खुलं कर म्हाताऱ्याला, आणि काय बोलायचं ते बोल जा." मिरजेच्या त्या माणसाने कुलूप तोडलेले दोघे मी पाहिले होते. ते खुलेही झाले नव्हते आणि बंदही राहिले नव्हते. नुसते भिंतीकडे बघत बसलेले असायचे. काका एवढं बोलले आणि लगेच मला कुठल्याशा विम्याची माहिती द्यायला लागले.

आईचा सल्ला वेगळा होता. ती भांडी विसळत होती, माझ्याकडे न बघता म्हणाली, "काही सांगू नकोस. न सांगता नीघ. त्यांच्या लेखी बसलेला राहशील."

मला ते पटलं नाही. न सांगता निघायला मी काय चोर आहे? जन्मभर ज्यांनी प्रत्येक गाडी नावानिशी सोडली, त्या माणसासमोरून मी मुकाट्याने सटकायचं? मी आईला तसं सांगितलं. तिने नळ बंद केला आणि भांडी पालथी घातली.

दोन दिवस मी डोकं खाजवत होतो. तिसऱ्या दिवशी दाढी करताना सुचलं, आणि अर्धी दाढी तशीच ठेवून मी लिहायला बसलो. लेखी हमी असावी तसं ते वाक्य होतं: 'बाबा, आता मी येतो म्हणणार नाही.'

बेनाडीकर मॅडमनी ते दोनदा वाचलं. वाक्यात असत्य काही नव्हतं, उलट त्यांच्याच हरकतीचं पालन होतं. त्यांनी मंजुरी दिली. सहा शब्द होते. तीस टक्क्यांनी दोन शब्द कंपनीचे. मला वाटतं, कात्री कुठे चालणार हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं, कारण वाक्य परत देताना त्या म्हणाल्या, "सर, नीट विचार केलाय ना?" मी हो म्हणालो. जिना उतरताना मी एवढा खूश होतो की साडीच्या दुकानदाराने मला गिऱ्हाईक समजून आत बोलावलं.

शेवटच्या दिवशी मी बाबांसमोर जाऊन 'आलो' म्हणालो. ते अजून चालत होतं. ते मिरज फाट्याबद्दल बोलले, मी ऐकलं. मग मी उठलो आणि सगळं वाक्य स्पष्ट उच्चारलं. कंपनीने आपले दोन शब्द कापून घेतले. बाबांना पोचलं, 'बाबा, आता मी येतो.'

बाबांनी मान हलवली. "ये," ते म्हणाले. "सावकाश ये."

त्याच दिवशी आधार बंद झाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे गेलो, चपला काढल्या आणि बाबांसमोर बसलो. 'आलो' म्हणालो. ते वाक्य रद्द झालेलं होतं. बाबा माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत राहिले.

तेव्हापासून मी रोज जातो. खुर्ची तीच, वेळ तीच. बाबांनी मात्र खुर्चीशी बोलणं सोडलंय, कारण खुर्चीत कुणी नाही, तो येतो म्हणून गेलाय. थोड्या थोड्या वेळाने ते उठतात, फाटकापर्यंत जातात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघतात आणि परत येतात. तब्येत उत्तम आहे, कंपनीने म्हटलं होतं तशीच.

काल आईने दोघांची ताटं वाढली. मी पहिला घास घेतला तेव्हा बाबांनी घड्याळाकडे पाहिलं.

"हेरंब अजून लागला नाही," ते आईला म्हणाले. "त्याचं ताट झाकून ठेव."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी हात आवरता घेतला आणि तिने माझ्यासमोरचं ताट झाकून ठेवलं.