दिघेजींचं निरोगी पान

दिघेजी इंदूरजवळच्या राऊला राहतात आणि रिक्षात बसण्याआधी रिक्षावाल्याला राऊचाच रस्ता विचारतात. जायचं असतं भलत्याच कुठल्या तरी नव्या कॉलनीत. "भिया, राऊ किधर से जाओगे?" तो बिचारा नीट सांगतो. मग दिघेजी आत बसतात आणि कॉलनीचं नाव घेतात. रिक्षावाला मान वळवून त्यांच्याकडे बघत राहतो.

मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "मॅडम, ज्याचं उत्तर आपल्याला येतं, ते पहिले विचारायचं. ज्याचं येत नाही, ते नंतर."

मी अकोल्याहून नोकरीसाठी इंदूरला आले तेव्हा प्रयोगशाळेत माझं टेबल त्यांच्या शेजारी लागलं. पिकांचे रोग ओळखणाऱ्या टेस्टच्या पट्ट्या खऱ्या की खोट्या, हे ठरवायचं आमचं काम. पानाची परीक्षा पट्टी घेणार आणि पट्टीची परीक्षा दिघेजी. माणूस सदा तंद्रीत. बोलता बोलता खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे बघायला लागले की सकाळी सुरू झालेलं वाक्य जेवणाच्या डब्यापाशी संपायचं. आपणही मग नकळत कडुनिंबाकडे बघत बसायचो आणि प्रश्न काय होता ते विसरायचो.

त्या पावसाळ्यात एक कंपनी सोयाबीनच्या पिवळ्या मोझॅक रोगासाठी नवी पट्टी घेऊन आली. पान ठेचून पाण्यात कालवायचं, पट्टी बुडवायची. एक रेघ आली तर झाड निरोगी, दोन आल्या तर रोगी. कंपनीच्या माणसानं पिवळी पडलेली पानं बरोबरच आणली होती. दर पट्टीवर दोन ठसठशीत रेघा. आमच्या साहेबांनी खूश होऊन चहा मागवला.

दिघेजी खिडकीतून आत आले, म्हणजे मनानं. "निरोगी पान कुठंय?"

"ते कशाला सर? रोग पकडायचाय ना?"

"तुमची पट्टी सगळ्यांनाच रोगी म्हणत असेल तर? शेतकरी चांगलं झाड उपटून फेकेल, भिया."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी मानपूरला गेले. तिथे रामेश्वरजी नावाच्या शेतकऱ्याचं सोयाबीन नुसतं हिरवंगार होतं. "साब, इसमें तो कुछ हुआ ही नहीं है," ते संकोचून म्हणाले.

"इसीलिए तो आए हैं," दिघेजी म्हणाले आणि बांधावर उभे राहिले. ढगांच्या सावल्या शेतावरून सावकाश सरकत होत्या. दिघेजी त्या बघत राहिले, रामेश्वरजी दिघेजींना. पानं शेवटी मीच तोडली.

आमच्या मशीनवरच्या जुन्या, खात्रीच्या टेस्टमध्ये ती पानं स्वच्छ निघाली. नव्या पट्टीवर मात्र बऱ्याच पानांना दुसरी रेघ आली. पुसट, पण आली. कंपनीचा माणूस पट्टी उजेडात तिरकी धरून म्हणाला, "ही रेघ दिसतच नाही सर."

"दिसत नाही तर तिरकी कशाला धरता?" दिघेजी शांतपणे म्हणाले.

पट्टी परत गेली. पुढच्या हंगामात सुधारून आली, तेव्हा निरोगी पानांवर एकच रेघ उठत होती. पण ते पुढचं. त्या आठवड्यात दिघेजींनी पुन्हा मानपूरला जायचं काढलं. साहेब म्हणाले, "फोन करून टाका ना." दिघेजींनी मान डोलावली आणि स्कूटर काढली. मीही गेले.

"आपकी फसल एकदम अच्छी है," त्यांनी रामेश्वरजींना सांगितलं.

"ये बताने इतनी दूर आए?" रामेश्वरजी हसले, पण चेहरा उजळला होता. चहा सांगायला ते घराकडे वळले.

आम्ही बांधावर बसलो. वारा आला की सगळं शेत एका अंगावर वळायचं आणि पुन्हा सावरायचं. मी म्हटलं, "दिघेजी, खरंच फोन चालला असता."

ते ढगांकडे बघायला लागले. मला वाटलं, गेले तंद्रीत.

"माझा दादा लहानपणापासून आजारी," ते म्हणाले. "मी ठणठणीत. आई बाहेरून आली की पिशवी माझ्या हातात द्यायची आणि थेट त्याच्याकडे जायची. वाईट नाही वाटायचं. मतलब, ठणठणीत पोराला कोण काय विचारणार?"

मी त्यांच्याकडे वळून बसले.

"मग दादा गेला. तेरावा झाला, पाहुणे गेले, घर एकदम रिकामं. मी ओसरीवर बसलो होतो. आई आली आणि तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला."

"ताप होता?"

"नाही ना. गार होतं कपाळ. तिलाही कळलं असणार." ते समोर शेताकडे बघत होते. "पण तिनं हात काढला नाही. आणि मी हललो नाही. मला वाटलं, हललो तर तिच्या लक्षात येईल, हा तर ठणठणीत आहे."