ज्याचं त्याच्यापाशी

शेजारच्या दिगंबर भाऊजींनी एकदा माझ्या पोह्यांच्या डब्यात मोहरी, हळद आणि शेंगदाण्यांच्या पुड्या आणून ठेवल्या.

"वहिनी, ज्याचं त्याच्यापाशी! पोहे बंद करायचे ठरले तर एक डबा उचलला की झालं. मागे काही उरत नाही."

"आणि उपम्याला मोहरी?"

"उपम्याची वेगळी."

"म्हणजे सात पदार्थांना सात ठिकाणी मोहरी. किडे झाले की सातही डबे उपसा!"

भाऊजींनी पुड्या परत उचलल्या. सरकारी कारखान्यातला इंजिनिअर माणूस, सहसा हार मानत नाही.

हे खूळ कॉम्प्युटरचं. मी चौथी शिकलेली, पण रोज ऐकून पाठ झालंय. प्रोग्राम घातला की तो पसारा घालणाऱ्या पाहुण्यासारखा दहा खोल्यांत सामान टाकतो. हाकलला तरी टॉवेल कुठेतरी लोंबतोच. भाऊजींचं म्हणणं, प्रत्येकाची एक पेटी हवी; उचलली, दुसरीकडे ठेवली, चालू. आमच्या या हिंदी मुलखातल्या दूधवाल्यालाही हे ऐकवतात. तो "जी बाबूजी" म्हणतो आणि पातळ दूध घालून जातो.

यंदा त्यांचा जुना कॉम्प्युटर धापा टाकायला लागला. त्यात कुसुमची, म्हणजे त्यांच्या बायकोची, पत्रं होती. ती जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा बोलतो हिंदीत, पण ही त्याला मराठीतच पत्र टाइप करायची. भाऊजींनी मराठी टायपिंगची पेटी आणि पत्रं नव्या कॉम्प्युटरवर नेली. उघडली तर नुसते कंस, टिंबं आणि इंग्रजी खुणा. माणूस पांढराफटक पडला.

बडा बाजारातला दुरुस्तीवाला घरी आला. "बाबूजी, अक्षर, यानी फॉन्ट, तो अलग फोल्डर में रहते हैं. आप वहीं छोड़ आए."

"अक्षरं प्रोग्रामपाशी नाहीत? कोणत्या गाढवाने..."

"सबके काम आते हैं ना, इसलिए साझे में रखे हैं."

मी म्हटलं, "बघा, माझी मोहरी!" कोणी हसलं नाही.

जुना कॉम्प्युटर चारदा बंद पडला, पाचव्यांदा चालला. अक्षरं नव्यावर नेली आणि पत्रं वाचता यायला लागली. दुरुस्तीवाला गेल्यावर भाऊजी मला म्हणाले, "वाचा."

"चष्मा तुमच्या नाकावर आहे की."

"असू दे. वाचा."

कुसुमने मुलाला लिहिलं होतं, "तुझ्या बाबांनी माझा शिवणाचा डबा पुन्हा लावला. आता एक बटण सापडेल तर शपथ. या माणसाच्या शिस्तीने मी एक दिवस वेडी होणार."

"असं नाही, वहिनी. ती ओरडायची तसं वाचा."

ओरडायला मला शिकवावं लागत नाही. मी आवाज चढवून पुन्हा वाचलं. भाऊजींनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मग खुर्ची थोडी पुढे ओढली आणि दुसरं पत्र उघडलं.