पेडलवरचा माणूस

मास्तरांची जुनी गाडी हल्ली चौकात थांबली की आचके देऊन बंद पडत असे. मेकॅनिकने फोनवरच निदान केलं. "थ्रॉटलचा, म्हणजे ॲक्सिलरेटरच्या पेडलशी जोडलेला स्विच सरकलाय. दोन स्क्रू ढिले करा, स्विच हळूहळू फिरवा. पेडल सोडल्यावर बारीक 'टिक' आली की आवळून टाका. पाच मिनिटांचं काम. फक्त माणसं दोन लागतात. एक पेडलवर, एक बॉनेटमध्ये."

इथेच घोडं अडलं. भूमिती शिकवण्यात हयात घालवलेल्या मास्तरांकडे स्क्रू-ड्रायव्हर सात होते, माणूस एकच. तीस वर्षं पेडलवर त्यांची बायको बसायची. "दाबलं", "सोडलं" म्हणायची आणि मधल्या वेळात मांडीवर लसूण सोलायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. घर मास्तरांना एक वेळ सोसवे, दुरुस्तीच्या वेळची ती रिकामी सीट सोसवत नसे. शेजारी एकटे राहणारे वकील होते, पण गाडीचा धूर त्यांच्या वाळत घातलेल्या कोटावर गेल्यापासून दोघांत सहा वर्षं अबोला होता. त्यांना बोलवायचं म्हणजे हार पत्करणं.

मग मास्तरांनी डोकं लढवलं. फोनवर रेकॉर्डिंग चालू करून तो इंजिनावर ठेवला आणि स्वतः पेडलवर बसले. टिक फोन ऐकेल, मग फोनचं आपण ऐकू. पेडल दाबायला आणि लेकीचा फोन यायला एकच गाठ पडली. फोन थरथरत सरकला, इंजिनाखालच्या पत्र्यावर पडला आणि तिथून वाजत राहिला.

वरून हात पुरेना, म्हणून मास्तर सतरंजी टाकून गाडीखाली शिरले. तोवर नऊ वेळा रिंग वाजली होती. लेकीच्या काळजाचं पाणी पाणी झालं आणि तिने थेट वकिलांना फोन लावला.

वकील अर्ध्या दाढीने धावत आले. गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले, हालचाल शून्य.

"मास्तर, जिवंत आहात का?" सहा वर्षांतलं हे पहिलं वाक्य.

"आहे," खालून आवाज आला. "जरा तो चिमटा द्या."

फोन निघाला. वकिलांनी लेकीला कळवलं, "सुखरूप आहेत. गाडीखाली होते." त्यावर तिने जो हंबरडा फोडला, तो थांबवायला दहा मिनिटं लागली.

"पण एवढं चाललं होतं काय?" वकिलांनी विचारलं. मास्तरांनी खाली बघत सगळं सांगितलं. वकील गालावरचा फेस पुसून सीटवर जाऊन बसले.

"दाबू?"

"दाबा. आता सोडा."

टिक. अगदी स्वच्छ. मास्तरांनी स्क्रू आवळले. पण बॉनेट लावायला त्यांचा हात धजेना. ते लागलं की वकील उठणार, आणि मग दुपार पुन्हा एकट्याची.

"आली का?" सीटवरून विचारणा झाली.

"नाही," मास्तर म्हणाले. "परत दाबा."

"मला तर इथपर्यंत ऐकू आली," वकील म्हणाले, आणि त्यांनी परत दाबलं.