ओढ्यातलं हॉटेल

"हुकूम? असले हुकूम मी चहात कोळून पितो!" असं कुंडलिक छाती फुगवून म्हणाला, तेव्हा त्याच्या हॉटेलाला कुलूप लागून अर्धा दिवस उलटला होता.

हॉटेल म्हणजे कुडाच्या चार भिंती, एक बाक आणि बायकोच्या, हौसाच्या, हातची कांदाभजी. पण मुरबाडकडून शहापूरकडे निघालेला एकही गाडीवान तिथे टेकल्याशिवाय पुढचा ओढा ओलांडत नसे. त्या वैशाखात पटकीची साथ आली. साथीसाठी नेमलेले गुप्ते इन्स्पेक्टर हुकूम घेऊन आले, "खाण्यापिण्याची दुकानं बंद!"

कुंडलिकाचं बंद झालं. समोरच्या पुरुषोत्तम शेटचं मात्र चालू! जिलबीची परात तशीच, माश्याही तशाच.

"साहेब, त्यांचं कसं चालू?"

"तुझं ते दुकान. त्यांची पेढी. हुकमात पेढी नाही."

"मंग माझीपन पेढी म्हना!"

"पेढीवर भजी तळतात का रे?"

"त्यांच्या पेढीवर जिलब्या तळतात की!"

गुप्त्यांना नेमकं तेवढंच ऐकू आलं नाही.

घरी हौसा कडाडली, "अवो, आता काय कुलूप शिजवू?"

"गप गो! हुकूम मुरबाडचा. ओढ्यापल्याड शहापूर तालुका!"

त्याने शेजारच्या यमाजीची बैलगाडी मागून आणली, तिच्यावर शेगडी मांडली, पातेलं चढवलं आणि सकाळी पलीकडच्या काठावर हॉटेल उभं! धंदा असा चालला, की शेटची गिऱ्हाइकंसुद्धा धोतर वर खोचून ओढ्यात उतरू लागली.

मग शहापूरचे ओक इन्स्पेक्टर तोच हुकूम घेऊन आले. कुंडलिकाने गाडी अलीकडे आणली. गुप्ते दिसले, पलीकडे नेली. ओक दिसले, पुन्हा अलीकडे! बैलांना वाटलं, ओढ्यात नांगरट काढलीय.

आणि एक दिवस दोन्ही साहेब दोन्ही काठांवर एकदमच हजर! कुंडलिक घोटाभर पाण्यात, ओढ्याच्या बरोबर मधोमध थांबला.

"ओकसाहेब, गाडी तुमच्या हद्दीत! जप्त करा!" गुप्ते ओरडले.

"बैल तुमच्याकडे आहेत! शेपटापासून मागचं तेवढं आमचं!"

"मग शेगडी मागेच आहे!"

"पण धूर तुमच्याकडे जातोय!"

"साहेब, भांडू नका," कुंडलिक म्हणाला, "अर्धा अर्धा चहा घ्या."

हद्द ठरवायला दोघेही गाडीत चढले. "शेगडी बघा, ही इथं..." म्हणत ओकांनी छडीने ती ढोसली आणि एक निखारा उडून थेट बैलाच्या पाठीवर!

मग काय विचारता! बैल उधळले. पातेलं उडालं, चाक त्याच्यावरून गेलं. दोन्ही साहेबांनी एकमेकांना मिठी मारली. दोन तालुक्यांचं एकमत झालं ते तेव्हाच! कुंडलिक कासरा ओढत "हो, हो" करतोय, आणि गाडी काठ चढून घुसली ती थेट शेटच्या पेढीत!

पेढीचा बांबूचा तट्टा आडवा पडला. आत पंगतच बसलेली! मधोमध गुप्त्यांचा स्वतःचा पट्टेवाला, तोंडात अख्खी जिलबी. आणि गुप्ते पाकाच्या परातीत!

ओकांनी चोहीकडे पाहिलं. "हीच का ती पेढी?"

गुप्त्यांच्या मिशीतून पाक गळत होता. शेट काही बोलायला गेले, पण कुंडलिकाचा बांध फुटला. गाडीला धरून तो म्हणाला, "साहेब, बंद करा तर समद्यांचं करा! का आमचं पोट ते दुकान, आनि शेटचं पोट ती पेढी?"

मग ओक खदखदून हसले. गुप्तेही हसले, त्या अवस्थेत दुसरं करणार काय! अंग धुवून दोघांनी तिथेच दोन्ही काठांना एक नियम घालून दिला: उघडं, गार कुणीच विकायचं नाही, उकळलेलं आणि कढईतून गरमागरम काढलेलं कुणीही विकावं. दुकान असो की पेढी, सगळ्यांना सारखं!

कुंडलिक राजासारखा ओढ्यावर गेला. पातेल्याचं ताट झालं होतं. नवं कल्याणहून येईपर्यंत चहा बंद!

सगळ्यांना सारखं म्हणजे काय, ते शेटला मात्र लगेच समजलं. दुसऱ्या सकाळी पेढीवर नवीकोरी किटली खळखळत होती आणि पुढे चार खुर्च्या!

"घ्या आता न्याय!" हौसाने कपाळावर हात मारला.

"थांब गो, काय पानी इकतो ते बगून येतो!" म्हणून कुंडलिक तरातरा गेला. परतायला त्याला बराच वेळ लागला. चहात आलं छान होतं. खात्री करायला दुसरा कपही घ्यावा लागला. पण हे हौसाला सांगायला योग्य दिवस त्याला पुढे कधी सापडलाच नाही.