वेसाव्याची मॉरिस

शनिवारी वेसाव्याच्या कोळीवाड्यातून परतल्यापासून दत्ताराम घाडी मुलुंडच्या दोन खोल्यांत नुसता येरझाऱ्या घालत होता. चहा त्यानं उभ्यानं घेतला आणि दुसऱ्यांदा साखर घालायला गेला तो मिठाच्या बरणीत.

"काय गाडी आहे, रत्ना! जुनी मॉरिस. बॉनेटला भोकं, दाराला हात लावला की पत्र्याचा चुरा. झकास!"

"आणि माझा तांदळाचा डबा गंजला की झकास नसतो," रत्नप्रभा म्हणाली.

दत्ताराम विमा कंपनीत कारकून होता, पण रविवारी तो मोडक्या मोटारींचा होता. लहानपणी लालबागला गिरणीच्या मागं अशीच एक मोटार पडलेली असायची. तिच्या फाटक्या सीटवर बसून, तोंडानं हॉर्न वाजवत त्यानं कितीदा तरी मालवण गाठलं होतं. आता घाटकोपरच्या छायाचित्र मंडळाचं प्रदर्शन होतं, विषय होता 'गंज', आणि फोटो बुधवारपर्यंत द्यायचे होते. कॅमेरा होता मेव्हण्याचा. चंद्रप्रकाशनं बजावलं होतं, "रविवारी दुपारी एकला परत. मला बारशाला जायचंय."

मॉरिसची मालकीण अंजनाबाई. बाजारात मासळी विकणारी, साठीची, आवाज खाडीपलीकडे जाईल असा. शनिवारी दत्तारामनं तिला अदबीनं विचारलं होतं, "मावशी, उद्या सकाळी तुमच्या गाडीचा फोटो काढू?"

"हिचा?" तिनं गाडीकडे आणि मग त्याच्याकडे पाहिलं. "काढ की. पन कशाला?"

"प्रदर्शनात लागेल. मोठमोठे लोक बघतील."

हे शेवटचं वाक्य त्यानं बोलायला नको होतं.

रविवारी सकाळी तो रत्नप्रभासह पोचला. रत्नप्रभा पापलेटांसाठी आली होती. वळणावरच दत्तारामचे पाय थांबले. मॉरिस गडद निळी झाली होती. खाली नारिंगी पट्टा, दारावर होडीवर काढतात तशी पांढरी फुलं, बॉनेटवर झेंडूचा हार. बाजूला अख्खी गल्ली ठेवणीतली लुगडी नेसून, सोनं घालून उभी.

"मावशी, हे काय केलंत?"

"होडीचा रंग उरलेला," अंजनाबाई अभिमानानं म्हणाली. "माझा खंडू नि त्याचे दोस्त काल तुझी पाठ वळली तवापासून लागलेत. मोठे लोक बघनार बोललास ना?"

दत्तारामनं गाडीभोवती एक फेरी मारली. मग दुसरी. मग तिसरी, गुडघ्यांवर. कुठं बोटभर गंज दिसेना. त्यानं डिकी उघडली.

"आतूनपन मारलाय," खंडू म्हणाला.

"वाट लागली," दत्ताराम पुटपुटला आणि घड्याळ पाहिलं. साडेदहा. एवढ्यात त्याला सुचलं. गाडी चार दगडांवर उभी होती. खालून कोण रंगवणार? तो कॅमेरा छातीशी धरून पाठीवर सरपटत आत शिरला. खाली खरोखरच स्वर्ग होता! पापुद्रे, भोकं, लाल भुकटी. त्यानं डोळ्याला कॅमेरा लावला.

तो बटण दाबणार तोच वर अंजनाबाईनं हाक दिली, "चला गं, फोटो सुरू झाला!"

चार बाया मागं बसल्या, तिघे पुढं, दोघे पायरीवर. मॉरिस एवढी माणसं विसरून गेली होती. कर्र्र करून एक दगड सरकला आणि ती वीतभर खाली आली. दत्तारामचा शर्ट पत्रा आणि दगड यांच्यामध्ये अडकला.

"उतरा! उतरा!" तो ओरडला.

"काय बोलतोय?" वरून कोणीतरी विचारलं.

"हसा बोलतोय."

सगळे हसले. तो आणखी ओरडला, ते आणखी हसले. शेवटी पापलेटं घेऊन परतलेल्या रत्नप्रभाला गाडीखालून हवेत झाडणाऱ्या पायांत ओळखीच्या चपला दिसल्या.

"अगं बाई, ते आमचे आहेत!"

चौघांनी गाडी उचलली, खंडूनं त्याला पायांना धरून ओढलं. कॅमेरा शाबूत होता. शर्ट अर्धा आत राहिला होता, आणि ओल्या कडेला घासून गाल नारिंगी झाला होता. घड्याळात सव्वाअकरा. दगड नीट बसवून सगळे पुन्हा गाडीत बसले होते, मधोमध अंजनाबाई, आणि नऊ जोडी डोळे त्याच्याकडे लागले होते. नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही. त्यानं तो एक फोटो काढला आणि बससाठी पळत सुटला.

मंडळानं फोटो परत केला. मागं शेरा होता, 'विषय सोडून'. पुढच्या रविवारी दत्ताराम तो अंजनाबाईला द्यायला गेला. रत्नप्रभाही सोबत होती, नवऱ्याला एकटं सोडायची तिची आता तयारी नव्हती.

"रंग कुठं गेला?" खंडूनं फोटो पाहताच विचारलं.

दत्ताराम ओशाळला. "आमच्या मंडळात काळे-पांढरेच फोटो चालतात."

"दोन डबे ओतले आमी!"

अंजनाबाईनं फोटो हातात घेतला. फोटोत गडद निळा पार काळा उतरला होता. तिनं बॉनेटवरून अंगठा फिरवला.

"काळीच होती," ती म्हणाली. "खंडूचा बापूस घेऊन आयला तवा अशीच. एक साहेब देश सोडून चाललेला, त्याच्याकडून घेतलेली. मी मासळीची पाटी घेऊन दारात उभी. बोलला, बस. मी बोलले, गाडीला वास येईल. बोलला, येऊ दे."

"मग बसलात?" रत्नप्रभानं विचारलं.

"बसले ना. मागं, शेठानीवानी. पाटी मांडीवर." तिनं फोटो पदरानं पुसला. "वास अजून हाय."

मग ती लेकाकडे वळली. "खंडू, काळा रंग आन."

"आये, परत?"

"परत."

खंडू डबा घेऊन आला, तोंड पाडून एकटाच कामाला लागला. दत्ताराम निघायचं म्हणून दोनदा उठला आणि दोनदा बसला. तिसऱ्यांदा उठला तेव्हा त्यानं घड्याळ काढून रत्नप्रभाच्या हातात दिलं, बाह्या दुमडल्या आणि खंडूकडचा दुसरा ब्रश उचलला.

अंजनाबाईनं स्टूल ओढून घेतलं आणि समोर बसली.

"नीट मार रे, फोटोवाल्या," ती म्हणाली. "गंज दिसला नाय पायजे."