श्रावणजींची चुकांची वही

श्रावणजी मुनीम सहा महिने माझ्या वर्गात बसले, पण बरोबर उत्तर त्यांनी एकदाही उतरवून घेतलं नाही. मी फळ्यावर उदाहरण सोडवू लागलो की बाकीची पोरं भराभर लिहीत आणि श्रावणजी लेखणी कानावर ठेवून खुशाल बसत. कुणी चुकला रे चुकला, की लेखणी खाली येई आणि ती चूक त्यांच्या लाल कापडाच्या वहीत जाई.

"बरोबर त सगळेच सांगतात, मास्तर," ते म्हणत. "पोट्टा कुठं चुकते, ते सांगा."

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. नागपूरहून नुकताच बी.कॉम. होऊन खामगावला आलो होतो आणि माझ्याएवढा शहाणा माणूस गावात दुसरा नाही, अशी माझी खात्री होती. वऱ्हाडातल्या पोराला कॉमर्स शिकायचं तर मध्यप्रांतात, नागपुरालाच जावं लागे. तिथे हिशेबाच्या पेपरात आपटून घरी परतलेल्यांसाठी मी आमच्या ओसरीवर वर्ग काढला. विद्यार्थी सात आणि आठवे श्रावणजी. वय पंचावन्न, मूळचे वडनेर भोलजीचे, कापसाच्या एका अडत दुकानात तीस वर्षं मुनीम. त्यांच्या वहीत खाडाखोड दाखव आणि जेवण मिळव, अशी बाजारात पैज लागायची.

पहिल्या दिवशी ते आपलं बुटकं, उतरतं लाकडी मेज डोक्यावर घेऊनच आले. इंग्रजी पुस्तकाला कुंकू लावलं, हात जोडले आणि विचारलं, "याच्यात लक्ष्मी कोणत्या पानावर हाय?" पोरं फिदीफिदी हसली. मीही हसलो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आपल्या देशी वहीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे. इंग्रजी खात्यात नेमकं उलटं, नावे डावीकडे आणि जमा उजवीकडे. हे फळ्यावर पाहून श्रावणजी थक्क झाले. "साहेब आरशात पाहून लिहून राह्यला का काय बाप्पा?" पुढे ताळेबंदात देणं डावीकडे आणि येणं उजवीकडे आलं, तेव्हा मात्र त्यांनी मांडीवर थाप मारली. "पाहा! फिरून फिरून थकला अन् शेवटी आपल्याच घरी आला!"

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर ते मागे थांबले. "लहानपणापासून देशी वही शिकलेला पोट्टा इथं चुकते का, मास्तर?"

"हमखास. त्याचा हात आपोआप जुन्या बाजूला जातो."

वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी तेवढंच लिहून घेतलं.

त्यांचा मुलगा वसंता नागपुराला याच पेपरात दोनदा नापास झाला होता. "मुनीमाचा पोट्टा अन् हिशेबात नापास!" एवढं बाजाराला पुरेसं होतं. वसंता मागच्या खोलीत बसून असे, कुणाशी बोलत नसे, ताटही अर्धं ठेवून उठे. मार्चात शेवटची संधी होती. ती हुकली की त्याला तराजूपाशी बसवायचं, असं श्रावणजींच्या शेटजींनी सांगून ठेवलं होतं. मी त्याला वर्गाला बोलावलं, पण तो आला नाही. म्हणून बाप स्वतः इंग्रजी हिशेब शिकून घराण्याची अब्रू सावरायला आला असावा, असं मी धरून चाललो.

पण हे कसलं सावरणं! रोज आपलं, "आणखी एखादी चूक, मास्तर?" पोरांच्या चुका संपल्या, तेव्हा मला नव्या तयार कराव्या लागल्या. यंत्राच्या झिजेचा घसारा वजा करण्याऐवजी मिळवणं, शिल्लक माल दोनदा धरणं. एकदा मी वैतागलोच. "मुनीमजी, तुम्ही हिशेब शिकायला येता की चुका?"

"चुकाच," ते शांतपणे म्हणाले.

एका संध्याकाळी ते वही विसरून गेले. ती द्यायला मी त्यांच्या घरी गेलो आणि दारातच थबकलो.

"बाबा! काल सांगतलं न तुमाले? मशीन घेतली त नावे डावीकडे. डावीकडे!" आवाज वसंताचा होता.

"माह्या डोक्यात बसतच नाही बे. एक खेप अजून सांग न."

वसंताने पेन्सिल घेतली आणि मला कधी जमलं नसतं इतक्या मायेने बापाला समजावू लागला. श्रावणजींनी पुन्हा उजवीकडे लिहिलं. वसंता खळखळून हसला. मग त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. "सर, बाबा तुमच्याकडे काय शिकून राह्यले? सादी गोष्ट येत नाही त्यायले."

"वेळ लागतो," मी म्हणालो. "तू रोज बसत जा त्यांच्याजवळ." वही मी कोटाखालीच ठेवली.

श्रावणजी मला गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला आले. वही घेऊन खाली बघत म्हणाले, "पाच वर्साचा होता, तवा मांडीवर बसवून मीच शिकवलं त्याले, जमा डावीकडे. त्याचा हात मीच वळवला, मास्तर. आता मी शिकवतो म्हटलं त उठून जाते. मले येत नाही म्हटलं त बसते."

मला माझ्या बी.कॉम.ची लाज वाटली.

वसंता कौतुकाने चार लोकांत सांगे की बाबांना काही उमजत नाही. बाजाराने त्यातून एवढंच घेतलं की श्रावणजी म्हातारे झाले. शेटजी त्यांची दुकानातली वही दुसऱ्या मुनीमाकडून तपासून घेऊ लागले. ज्या वहीवर पैजा लागायच्या, तिच्यावर दुसऱ्याच्या खुणा दिसू लागल्या. श्रावणजी मात्र संध्याकाळी घरी जाऊन इमानाने चुकत राहिले.

वसंता पास झाला.

दुसऱ्या दिवशी ओसरी रिकामी असताना श्रावणजी मेज घेऊन आले. "मास्तर, एक मोठं उदाहरण द्या. सगळ्यात अवघड."

मी दिलं. तासभर फक्त लेखणीची करकर ऐकू येत होती. दोन्ही बाजू पहिल्याच बेरजेला जुळल्या. कुठे खाडाखोड नाही. मी लाल शाईने पैकीच्या पैकी गुण लिहिले आणि लिहिताना माझे डोळे भरून आले.

त्यांनी तो कागद खूप वेळ पाहिला. मग नीट घडी करून माझ्याच हातात दिला. "तुमच्याजवळच राहू द्या. घरी नेला त पोट्ट्याले समजन."

"मुनीमजी, आता तो पास झाला. आता सांगायला काय हरकत आहे?"

"नाही बाप्पा." त्यांनी लेखणी कानावर ठेवली आणि मेज डोक्यावर घेतलं. "चाल्लो मी. वसंता वाट पाहून राह्यला. आज मले घसारा शिकवणार हाय."