रस्त्याकडे तोंड केलेली जीप

आपल्या शेजारच्या वानखडे सरांची जीप नेहमी रस्त्याकडे तोंड करून उभी असते. रोज सकाळी सहाला सर ती पाच मिनिटं सुरू करतात आणि कुठेही न जाता बंद करतात. चिखलीतली आमची गल्ली त्या आवाजानेच उठते.

सरांनी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यापासून त्यांना एकच काळजी: अंतराळात राहायला गेलेली माणसं अडचणीत सापडली तर परतणार कशी? लग्नाच्या पंगतीतही ते कोणालाही गाठून सांगतात, की अमेरिकेने आपली माणसं अंतराळ स्थानकावर पाठवली, पण घाईने निघून यायला यान ठेवलं रशियाचं. ते बेताच्या उंचीच्या माणसांसाठी बांधलेलं. मग उंच माणसांसाठी ते आतून बदललं. बैठक तर ज्याच्या त्याच्या पाठीचा साचा घेऊनच करतात. शेवटी ठरलेला प्रश्न: "जाणं सोपं हाय. परतीचं काय?"

जीपही अशीच दुसऱ्याची, दुसरबीडच्या रस्त्यावर प्रवासी वाहून थकलेली. सरांनी मागची बाकं काढून एकच ऐसपैस सीट बसवून घेतली.

मागच्या वर्षी माझ्या छातीत कळ आली. मी फाईल आणि चष्मा पिशवीत ठेवेपर्यंत जीप दारात हजर. सीटवर माझे पाय खाली टेकेनात. दर खड्ड्याला मी घसरत होते. दवाखान्यात जरा बरं वाटल्यावर मी कुरकुरलेच, की ही सीट आहे तरी कोणाच्या मापाची?

सरांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं.

"सुहासच्या. त्याच्या जुन्या पॅन्टवरून माप काढलं. नांदुऱ्याच्या टेसनावर अचानक उतरला, तं आणाले कोण जाईन?"

सुहास त्यांचा मुलगा. कॅनडाला गेल्याला बारा वर्षं झाली. अजून एकदाही आलेला नाही.

मी घरी आले तेव्हा जीपमध्ये मोठ्या सीटशेजारी एक बुटकी सीट होती, खाली पाय टेकायला फळी.

"हे तुमची," सर म्हणाले. "आता नातवंडायचे मापं मागवा, वहिनी."

मी म्हटलं, पोरं वाढत्या वयाची, आजचं माप पुढच्या वर्षी चुकायचं.

"मंग दरसाल मागवू."

बाळांनो, तुम्ही शेवटचे आलात तेव्हा त्या मोठ्या सीटवर दोघं मिळून मावला होतात. मला तेवढंच माप ठाऊक आहे. तेव्हा उंची कळवा. सेंटीमीटरमध्ये, बूट काढून.